नाही म्हणण्याचा अधिकार

जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसे कळते? प्रश्न पोरकट वाटेल, पण आपल्याकडच्या फार मोठ्या बुद्धीच्या माणसांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला. असलेल्या घटाशी डोळ्यांचा संबंध येतो; नसलेल्या घटाशी कसा येणार? कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी यासाठी अनुपलब्धी (न आढळणे) हे वेगळे, सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी ते उचलले. नैयायिकांना सहाव्या प्रमाणाची गरज वाटली नाही. अभाव हा स्वतंत्र पदार्थ आहे आणि तो प्रत्यक्षानेच कळतो, असे ते म्हणाले. मीमांसकांतलेच प्रभाकरांचे अनुयायी अभाव नावाची वेगळी चीज मानायलाच तयार नव्हते. बौद्ध धर्मकीर्तीने आपली मांडणी अनुमानाच्या अंगाने केली. भांडण मोठे होते, पण त्याच्या तळाशी एक अट होती आणि ती बहुतेकांनी या ना त्या रूपात मान्य केली. नुसते न दिसणे पुरेसे नाही. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळा धड हवा, मध्ये आडोसा नको आणि वस्तूही दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या कोठीत घट दिसला नाही एवढ्यावरून घट नाही म्हणता येत नाही. या अटीला योग्यानुपलब्धी म्हणतात.

मोठ्या आतड्याची सीटी स्कॅनने होणारी तपासणी, जिला डॉक्टर सीटी कोलोनोग्राफी म्हणतात आणि वर्तमानपत्रे व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी, ती मला या अटीचे फार चोख उदाहरण वाटते. कसलीही तक्रार नसताना ही तपासणी करून घेणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या हाती शेवटी पडतो तो एक नकार. आतड्यात पॉलिप नाही. या नकारावर माणूस पुढची पाच वर्षे निर्धास्त राहणार असतो. पॉलिप दिसला तर तो दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपने, पाहिला जातो, काढला जातो, पॅथॉलॉजीकडे जातो. वाचताना चूक झाली असेल तर ती तिथे उघडी पडते. न दिसलेला पॉलिप मात्र पुढे कुणीच तपासत नाही. म्हणून या तपासणीतला ‘नाही’ कशाच्या बळावर दिला जातो, हा प्रश्न मला तिच्या सगळ्या तांत्रिक करामतींपेक्षा मोलाचा वाटतो.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेली वाढ. काही देठावर उभे असतात, अळंबीसारखे. काही बुडाशी रुंद आणि बसके. काही इतके चपटे की अस्तर जरासे जाड झाल्यासारखेच वाटावे. बहुतेक निरुपद्रवी असतात. ज्यांना अ‍ॅडिनोमा म्हणतात, त्यांतल्या थोड्यांचा कर्करोग होतो, आणि तिथवर पोचायला बहुधा दहाएक वर्षे जातात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या बेसिल मॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली आपल्याकडच्या अ‍ॅडिनोमांचा हिशेब मांडला. १ सेंटिमीटरपेक्षा लहान असलेल्यांत कर्करोग सापडला १.३ टक्क्यांत, १ ते २ सेंटिमीटरच्या गटात ९.५ टक्क्यांत, आणि २ सेंटिमीटरच्या वर ४६ टक्क्यांत. तिथे मुळात आजारी माणसे येत. तक्रार नसलेल्या लोकांत लहान पॉलिपमधले प्रमाण याहून पुष्कळ कमी निघते. पण आकाराबरोबर धोका चढत जातो, हे आजही खरे आहे. कर्करोगांच्या जगात ही दुर्मीळ सवलत आहे. इथे रोगाच्या अलीकडची पायरी डोळ्यांना दिसते आणि ती काढून टाकता येते. १९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा फास टाकून, पोट न उघडता पॉलिप काढला. अमेरिकेच्या नॅशनल पॉलिप स्टडीने पुढे अनेक वर्षे माणसांचा मागोवा घेतला. ज्यांचे अ‍ॅडिनोमा काढले होते, त्यांच्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी निघाले. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. माणसाचा जीव वाचवणारे इतके साधे काम वैद्यकात फार नाही, आणि ते पॉलिप सापडण्यावर अवलंबून आहे.

दुर्बीण आतड्यात शिरून अस्तर पाहते. सीटीचा डोळा आत शिरतच नाही. तो बाहेरून, शरीराभोवती फिरून, क्ष-किरणांच्या सावल्या गोळा करतो आणि सावल्यांवरून आत काय असले पाहिजे ते काढतो. नैयायिकांनी दुर्बिणीला प्रत्यक्ष म्हटले असते आणि याला अनुमान. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे म्हणणे आणि शेकडो कोनांतल्या सावल्या पाहून इथे अमुक घनतेचा ठिपका आहे म्हणणे, यांची जात एकच. या अनुमानाचे गणित योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच लिहून ठेवले होते. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या ग्रोट स्खूर हॉस्पिटलमध्ये अर्धवेळ भौतिकीचे काम पाहणाऱ्या अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९५६ मध्ये तोच प्रश्न पडला. राडोनचे काम ठाऊक नसल्यामुळे त्यांनी उत्तर स्वतः शोधले आणि १९६३-६४ मध्ये छापले. फारसे कुणी विचारले नाही. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये एका स्त्रीच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र निघाले, उभे ८० आणि आडवे ८० चौकोन एवढ्या जाड विणीचे. १९७९ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. हाउन्सफील्डच्या नावाने जी मोजपट्टी चालते तिच्यावर पाणी शून्यावर आहे, हवा उणे १००० वर, चरबी उणे १०० च्या आसपास आणि आतड्याची भिंत शून्याच्या जरा वर, काही दशकांत. हवा आणि भिंत यांच्यामधली ही हजारावर अंकांची दरी म्हणजे या तपासणीचे सगळे भांडवल. भिंतीवरचा उंचवटा या काळ्या पोकळीत घुसलेला दिसतो.

१९८९ मध्ये जर्मनीत विली कॅलेंडर यांनी सर्पिल स्कॅनची पद्धत मांडली आणि एका श्वासात सगळे पोट टिपणे शक्य झाले. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलमचे रेडिओलॉजिस्ट डेव्हिड व्हायनिंग यांनी संगणकाने उभ्या केलेल्या आतड्यातून विहार करणारी फिल्म परिषदेत दाखवली. ती पाहून लोक थक्क झाले असणार. पण उड्डाण दाखवता येणे आणि उड्डाणात काही राहून गेले नाही अशी हमी देता येणे, यांत अंतर आहे, आणि पुढची दहा वर्षे त्या अंतरात गेली.

आतडे एरवी मिटलेले असते. मिटलेल्या आतड्यात भिंतीला भिंत चिकटते आणि दोन घड्यांमध्ये पॉलिप दडून बसतो. इथे उजेड पाडायचा म्हणजे हवा भरायची. माणसाला डाव्या कुशीवर झोपवतात, गुदद्वारातून बोटापेक्षा बारीक मऊ नळी घालतात आणि यंत्राने दाब मोजत हळूहळू कार्बन डायऑक्साइड सोडतात. साध्या हवेऐवजी हा वायू, कारण आतड्याची भिंत तो लवकर शोषून घेते, तो रक्तातून फुप्फुसात जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. पोटातली तडस लवकर उतरते. भूल नाही, गुंगीचे इंजेक्शन नाही. उताणे झोपवून एकदा श्वास रोखायचा, पालथे झोपवून पुन्हा. उताणे असताना जी जागा पाण्याखाली बुडते ती पालथे झाल्यावर वर येते. वृद्ध माणसाला पालथे होणे जमत नाही, तेव्हा कुशीवर घेतात.

आणि त्याच्या आदल्या दिवशीची तयारी. ती रुग्णाला सगळ्यात नकोशी असते. हलका किंवा नुसता पातळ आहार, जुलाबाचे औषध आणि त्यासोबत बेरियमचे व आयोडीनचे थोडे द्रव. हे दोन्ही द्रव आतड्यात उरलेल्या मळात आणि पाण्यात मिसळतात आणि स्कॅनवर त्यांना पांढरे करतात. मळ कितीही धुतला तरी थोडा राहतोच. मग निदान त्याच्यावर खूण तरी करावी, अशी ही युक्ती आहे. मला ती फार शहाणपणाची वाटते. जे काढून टाकता येत नाही, ते निराळे ओळखू येईल असे करून ठेवायचे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात आरी कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाकडून हा पांढरा भाग चित्रातून पुसून काढण्याची रीत बसवली.

रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावर पुढे काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, सिग्मॉइडमध्ये, म्हणजे ओटीपोटाच्या डाव्या बाजूच्या नागमोडी भागात, एका घडीच्या कडेला ७ मिलिमीटरचा करडा उंचवटा दिसला. हवा काळी, भिंत करडी, उंचवटाही करडा. पहिल्यांदा पडद्यावरच्या छटांची पातळी बदलायची. उंचवट्याच्या पोटात बारीक काळे ठिपके दिसले, तर ती अडकलेली हवा आणि तो मळ. तो पांढरा निघाला तरी मळच, औषध मुरलेला. घनता उणे १०० च्या घरात निघाली तर ती चरबीची गाठ, लायपोमा. तिला हात लावायचे कारण नाही. सगळीकडून सारखाच करडा असेल, तर पालथेपणीची मालिका उघडायची आणि तीच घडी शोधायची. उंचवटा घडीला धरून तिथेच असेल तर संशय पक्का होत जातो. समोरच्या भिंतीवर जाऊन पडला असेल तर तो मळाचा खडा. इथेही घाई करून चालत नाही. लांब देठाचा पॉलिप लोंबकळत बाजू बदलतो. शिवाय सिग्मॉइड पोटात मोकळे असते आणि माणसाबरोबर तेही कूस पालटते, म्हणजे हलला तो उंचवटा की भिंत, हे आधी ठरवावे लागते. मग त्रिमितीत जायचे, घडीच्या मागे वळून पाहायचे, कारण पुढे जाताना घडीची पाठ दिसत नाही; म्हणून मलाशयाकडून सीकमकडे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीकडे, आणि सीकमकडून मलाशयाकडे, दोन्ही दिशांनी फिरायचे. लांबी दीड मीटरच्या आसपास, फेऱ्या दोन, आणि उताणे-पालथे अशी दोन आतडी. एवढे झाल्यावर एका उंचवट्याबद्दल मत बनते.

या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे की नाही, याची परीक्षा दोन अभ्यासांनी घेतली, आणि त्यांचे निकाल एकमेकांच्या इतके विरुद्ध होते की मला ते शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. डिसेंबर २००३ मध्ये पेरी पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन लष्करी वैद्यकीय केंद्रांतल्या १,२३३ निरोगी माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १० मिलिमीटर किंवा मोठे अ‍ॅडिनोमा ज्यांना होते, त्यांतल्या ९३.८ टक्के माणसांत सीटीने ते पकडले होते. काही महिन्यांतच, २००४ मध्ये, पीटर कॉटन आणि सहकाऱ्यांचा नऊ रुग्णालयांतल्या ६१५ जणांचा अभ्यास आला. तिथे १० मिलिमीटरच्या वरच्या वाढींसाठी सीटीचे यश ५५ टक्के होते, आणि आठ कर्करोगांपैकी दोन सीटीच्या हातून निसटले होते. यंत्रे एकाच जातीची, माणसांची शरीरे तीच. फरक होता तो बघण्याच्या व्यवस्थेत. पिकहार्टांनी मळाला खूण करणारे द्रव पाजले होते, चित्रातून तो पुसला होता आणि वाचन मुळात त्रिमितीत केले होते. कॉटन यांच्या अभ्यासात बहुतेक वाचन सपाट कापांवर झाले, खुणेचे द्रव नव्हते, वाचणाऱ्यांचा सराव बेताचा होता, आणि केंद्राकेंद्रांत निकाल बदलत होता. त्या काळी अनेकांनी यावरून सीटी कोलोनोग्राफी खरी की खोटी असा वाद केला. मला वाटते, प्रश्नच चुकीचा मांडला गेला. पहिल्या अभ्यासातला ‘नाही’ आणि दुसऱ्यातला ‘नाही’ ही दोन वेगळी विधाने होती. एक उजेडात केलेले, दुसरे संधिप्रकाशात.

पिकहार्टांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, तिने मला अधिक विचारात पाडले. सीटीनंतर त्याच दिवशी प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी झाली. दुर्बीण मागे घेत एकेक भाग पाहून झाला की डॉक्टरला सीटीचा निकाल सांगायचा. सीटीत काही असेल आणि दुर्बिणीला दिसले नसेल, तर त्याने त्या भागात परत जायचे. या एका योजनेमुळे आजवर कसोटीचा दगड मानलेली दुर्बीण स्वतःच कसोटीला लागली. १० मिलिमीटरच्या वरच्या अ‍ॅडिनोमांसाठी पहिल्या पाहणीतले तिचे यश ८७.५ टक्के निघाले, सीटीपेक्षा कमी. त्या १,२३३ जणांत कर्करोग झालेले पॉलिप दोन होते. सीटीने दोन्ही पकडले. दुर्बिणीला त्यांतला एक पहिल्या फेरीत दिसला नव्हता. सीटीचा निकाल कळल्यावर डॉक्टर परत गेला तेव्हा सापडला. समोरून, भरपूर प्रकाशात, जिवंत अस्तर पाहणाऱ्या डोळ्यालाही घडीची पाठ दिसत नाही. प्रत्यक्षाला अनुमानाचा आधार लागला, असे हे उदाहरण आहे, आणि प्रत्यक्षाला ज्येष्ठ मानणाऱ्या आपल्या परंपरेत वाढलेल्या माणसाने त्यावर थांबून विचार करावा.

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि ते मला सीटीच्या रिपोर्टावर जसेच्या तसे बसलेले दिसतात. हा उंचवटा पॉलिप नाही, मळ आहे: हा अन्योन्याभाव, एक वस्तू दुसरी नसण्याचा. इथला पॉलिप मागच्या वर्षी काढला, आता तो नाही: हा प्रध्वंसाभाव. पॉलिप अजून उगवलेला नाही: हा प्रागभाव. उरला अत्यंताभाव, एखाद्या जागी तिन्ही काळांत नसण्याचा. तो कुठल्याही रेडिओलॉजिस्टला लिहून देता येत नाही. नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी जाणारा माणूस बहुधा मनात अत्यंताभाव घेऊन जातो. त्याला मिळालेला असतो प्रागभाव, आणि प्रागभावाला सुरुवात नसली तरी शेवट असतो, हे नैयायिकांचे म्हणणे. म्हणूनच पाच वर्षांनी पुन्हा या, असे सांगतात. अ‍ॅडिनोमाचा कर्करोग व्हायला लागणाऱ्या दहाएक वर्षांच्या आत ही मुदत नीट बसते.

२००५ मध्ये रेडिओलॉजिस्टांनी रिपोर्ट लिहिण्याची एक समान पद्धत ठरवली, सी-रॅड्स नावाची. तिच्यात सी-१ म्हणजे नॉर्मल, सी-२ म्हणजे ६ ते ९ मिलिमीटरचे एक-दोन पॉलिप, सी-३ म्हणजे मोठे किंवा तीन वा अधिक, सी-४ म्हणजे कर्करोगाचा दाट संशय. या सगळ्यांच्या आधी सी-० आहे. आतडे नीट फुगले नाही, मळ फार राहिला, म्हणून काही सांगता येत नाही. वैद्यकातल्या एखाद्या पद्धतीने ‘मला नाही म्हणण्याचा अधिकार पोचत नाही’ यासाठी स्वतंत्र घर राखून ठेवावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. खर्च झालेला असतो, रुग्णाने आदला दिवस उपाशी काढलेला असतो, डॉक्टर घाईत असतो. अशा वेळी सी-० लिहायला धैर्य लागते.

याच पद्धतीत ५ मिलिमीटर आणि त्याहून लहान पॉलिप मोजलेच जात नाहीत. ते दिसतात की भास होतो, हे या तपासणीला खात्रीने सांगता येत नाही. जुन्या ग्रंथांत यासाठी खांबावरच्या पिशाचाचे उदाहरण येते. पिशाच दिसण्याजोगेच नाही, म्हणून ते दिसत नाही एवढ्यावरून तिथे नाही असे म्हणता येत नाही. लहान पॉलिपचे तसेच आहे. फरक एवढाच की त्यांच्यापासून नजीकच्या काळात धोका फार थोडा असतो, म्हणून त्यांच्याविषयी मौन परवडते. चपट्या पॉलिपबद्दल मात्र मी इतका निश्चिंत नाही. सेरेटेड नावाचे बसके, चपटे पॉलिप बहुधा आतड्याच्या उजव्या भागात असतात, अस्तरातून जेमतेम वर येतात, आणि त्यांतल्या काहींचाही कर्करोग होतो. पृष्ठभागावर चिकटलेला खुणेचा पांढरा थर कधीकधी त्यांना उघडे पाडतो, पण दुर्बिणीच्या मानाने सीटी इथे कमीच पडते. तपासणी सुचवणाऱ्याने हे आधी सांगितले पाहिजे.

राहिला ६ ते ९ मिलिमीटरचा गट, आणि सगळ्यात जास्त विचार मागणारा तोच. दुर्बिणीत दिसलेला पॉलिप त्याच क्षणी कापला जातो. सीटीत दिसलेल्या पॉलिपपर्यंत हात पोचत नाही. याला लोक सीटीचे वैगुण्य म्हणतात: सापडला तर पुन्हा दुर्बीण करावीच लागणार, मग आधीच का करू नये? हा आक्षेप खोटा नाही. पण पाहणे आणि कापणे यांच्यामध्ये वेळ आल्यामुळे एक गोष्ट कळली, जी कापत राहिल्याने कधीच कळली नसती. पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २४३ माणसांतले असे ३०६ पॉलिप न काढता जागीच राहू दिले आणि सरासरी २.३ वर्षांनी पुन्हा मोजले. २०१३ मध्ये आलेला निकाल असा: २२ टक्के वाढले, ५० टक्के होते तसेच राहिले, २८ टक्के लहान झाले. लहान झालेल्यांतले काही, एकूणांपैकी १० टक्के, दुसऱ्या स्कॅनमध्ये सापडलेच नाहीत. पुढे काढल्यावर ज्यांच्यात धोक्याची लक्षणे दिसली, त्यांतले बहुतेक सगळे वाढणाऱ्यांतले होते. म्हणजे पॉलिपचा स्वभाव त्याच्या एका चित्रात नाही, दोन चित्रांमधल्या काळात आहे. कापणे किती कमी करता येते हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये डेव्हिड किम यांच्या गटाने २००७ मध्येच एका तुलनेत दाखवले होते. ३,१२० जणांची तपासणी सीटीने, ३,१६३ जणांची थेट दुर्बिणीने. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे लक्षात ठेवावे. गंभीर स्वरूपाच्या वाढी दोन्हीकडे जवळजवळ सारख्या मिळाल्या, १२३ आणि १२१. काढलेल्या पॉलिपची संख्या मात्र सीटीच्या बाजूला ५६१ आणि दुर्बिणीच्या बाजूला २,४३४. दुर्बिणीच्या गटात सात जणांच्या आतड्याला भोक पडले, सीटीच्या गटात एकाच्याही नाही.

दुसऱ्या स्कॅनमध्ये न सापडलेल्या त्या १० टक्क्यांकडे मी परत परत येतो. ते विरून गेले, की पहिल्यांदा जे पाहिले ते पॉलिपच नव्हते, की दुसऱ्या वेळी घडीत दडले? लिहिणाऱ्यांनी ते ‘नाहीसे झाल्यासारखे दिसले’ एवढेच म्हटले, आणि तेवढेच म्हणणे त्यांना शक्य होते.

किरणोत्सर्गाची भीती पुष्कळांना वाटते, तिच्याबद्दल थोडक्यात. या स्कॅनची मात्रा मुद्दाम कमी ठेवता येते, कारण हवा आणि भिंत यांतला फरक ठळक असतो. ती बहुधा ५ मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याखाली असते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. पन्नाशीपुढच्या माणसाने यासाठी तपासणी नाकारावी असे मला वाटत नाही; तरुणाने आणि गर्भवतीने विचार करावा. आतड्याबाहेरचेही दिसते: मूत्रपिंडावरची गाठ, महाधमनीचा फुगवटा. कधी त्याने जीव वाचतो, कधी निष्कारण तपासण्यांची साखळी लागते. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने २००९ मध्ये या तपासणीचा खर्च द्यायचे नाकारले होते; २०२५ च्या सुरुवातीपासून तो मिळू लागला.

आपल्याकडे या तपासणीची जागा निराळी आहे. भारतात मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो आणि सरकारी कार्यक्रमात तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांची. सीटी कोलोनोग्राफी करतात ती बहुधा दुर्बीण अर्ध्यावर अडली म्हणून, गाठीने वाट बंद झाली म्हणून, किंवा म्हातारपणी भुलीचा धोका नको म्हणून. यात मला गैर दिसत नाही. मला अस्वस्थ करते ते वेगळेच. शौचाला रक्त पडते, आणि तालुक्याच्या गावापासून मुंबईच्या उपनगरापर्यंत त्याचे पहिले नाव ठरलेले असते: मूळव्याध. भिंतीभिंतींवर तिच्या जाहिराती आहेत. कुणी चूर्ण देतो, कुणी मलम, कुणी तिखट सोडायला सांगतो, आणि महिने जातात. बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते, म्हणून तर हे चालून जाते. पण इथे कर्करोग नाही असे जे गृहीत धरले जाते, ते न पाहता. अंधारात घट नाही म्हणणाऱ्याने निदान डोळे तरी उघडे ठेवलेले असतात.

आणि आपल्याकडच्या रुग्णांत मलाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे; मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात पोचणाऱ्यांत पन्नाशीच्या आतले पुष्कळ असतात. मलाशयाचा अगदी खालचा भाग हाच सीटी कोलोनोग्राफीचाही कच्चा दुवा आहे. गॅस बाहेर येऊ नये म्हणून नळीच्या टोकाशी छोटा फुगा असतो. तो तिथल्या अस्तरावर दाबून बसतो आणि नेमकी त्याच जागेवरची गाठ झाकू शकतो. म्हणून एका स्थितीतली चित्रे तो रिकामा करून घ्यावीत, असे शिकवतात. गंमत नाही, पण दीड मीटर आतडे बाहेरून पाहणारे यंत्र जिथे चाचपडते, तिथेच डॉक्टरचे हातमोजा घातलेले बोट पोचते. तपासणी एका मिनिटाची. खर्च हातमोज्याचा आणि थोड्या जेलीचा. रुग्ण लाजतो, डॉक्टर संकोचतो, समोर बाई असेल तर दोघेही अधिकच, आणि कपडे न सोडवताच औषध लिहिले जाते. रक्ताची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाची ही तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी, आणि डॉक्टरांनी ती केली नाही तर रुग्णाने मागून घ्यावी. बोटाला काही लागले नाही, याचाही अर्थ बोट पोचते त्या सात-आठ सेंटिमीटरांपुरताच घ्यायचा. रक्त पडतच राहिले तर पुढचे दुर्बिणीने पाहावे लागते.